वरच्या तीन ओळी

आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव काही फार चांगला नाही. पुण्यात बारा वर्षं प्रोग्रामिंग केलं, सात मॅनेजरांशी भांडलो आणि चाळिशीला धाराशिवला परत आलो. बेंबळीत, आमच्या गावी, भावकीला वाटलं, कृष्णराजला कंपनीनं हाकलून दिलं. दिलं नव्हतं. दिलं असतं तरी कंपनीचं काही चुकलं नसतं.

मला बोलावलं होतं ज्ञानोबा तात्यांनी. तात्यांचं पाणमोटारींचं दुकान. त्यांचा मेहुणा शेतात झाडाखाली उभा असताना वीज पडून गेला, तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता: वीज पडायच्या आधी शेतातल्या माणसाचा फोन वाजला पाहिजे. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी चार टेबलं टाकली. विजा कुठं पडताहेत याची माहिती सेकंदासेकंदाला विकत मिळते. ती घ्यायची, कुणाचं शिवार किती जवळ आहे ते मोजायचं आणि फोन लावायचा. फोन उचलला की तात्यांचाच आवाज यायचा, "इज जवळ आलीया. झाडाखालनं बाजूला व्हा. जनावरं सोडा." साठेक गावं आमच्याकडं होती.

प्रत्येक गावाचे नियम वेगळे. माळावरच्या गावाला वीज लांब असतानाच सांगायचं, खोलगट गावाला थोडं उशिरा चालतं. ते नियम लिहायला मी एक छोटी भाषा बनवली आणि ती चालवायला एक इंजिन. हे इंजिन नियम पुन्हा पुन्हा वाचत बसायचं नाही. प्रोग्राम चालू असतानाच त्या नियमांचा थेट यंत्राच्या भाषेतला कोड मेमरीत तयार करायचं आणि तोच पळवायचं. पुण्यात कुणी मला हे करू दिलं नव्हतं. इथं अडवणारं कुणी नव्हतं. त्या इंजिनाचा मला इतका गर्व होता की बायको म्हणायची, त्याचं बारसं करून टाका एकदाचं.

त्यात एक खोट होती आणि ती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. मशीन मंद झालं की कुठं मंद झालं ते बघायला कर्नलचं एक साधन असतं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, सगळ्या प्रोग्रामांवर त्याची नजर. ते साधन सेकंदाला शंभरेक वेळा डोकावतं आणि टिपून ठेवतं, की या क्षणी प्रोसेसर मेमरीतल्या कुठल्या पत्त्यावरचं काम करतोय. मग तो पत्ता कुठल्या फंक्शनचा, हे डिस्कवरच्या प्रोग्रामच्या फाइलीत शोधून नाव छापतं. माझ्या इंजिनानं चालता चालता तयार केलेला कोड कुठल्याच फाइलीत नसायचा. गावात राहतो, दिवसभर राबतो, पण मतदार यादीत नाव नाही, अशा माणसासारखी त्याची गत. कर्नलला तो राबताना दिसायचा, नाव सापडायचं नाही. मग नावाच्या जागी नुसता लांबलचक आकडा छापला जायचा आणि पुढं 'अज्ञात'.

उपाय अवघड नव्हता. कोडचा तुकडा तयार झाला की इंजिनानंच एका तात्पुरत्या फाइलीत एक ओळ लिहायची: कुठून सुरू, किती लांब, नाव काय. साधन ती यादी वाचतं आणि आकड्यांच्या जागी नावं येतात. दोन दिवसांचं काम. मी ते दोन वर्षं 'दिवाळीनंतर बघू' म्हणत ढकलत होतो.

महेश्वरी आमच्याकडं आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. मुरूमच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून तिचं गाव. घरी कानडी, बाहेर मराठी आणि दोन्हीत कमीच बोलणारी. फोन कुणाला आधी, कुणाला नंतर लावायचा हे ठरवणारा भाग तिनं लिहिला. त्याचं नाव तिनंच ठेवलं, फोनरांग. नेटकं काम होतं. मी तिला तसं कधी सांगितलं नाही. सांगायला काय झालं होतं, हा प्रश्न आता विचारून उपयोग नाही.

एकदा तिनं स्वतःहून विचारलं, "सर, इंजिनाची नावांची यादी मी लिहू का? दोन दिवसांत होईल."

"माझ्या इंजिनात हात घालायचा न्हाय," मी म्हणालो. "तू तुझी रांग सांभाळ."

"बरं, सर."

त्या एप्रिलात परंड्याच्या बाजूला अवकाळीनं दुपारीच अंधारून आलं. तासाभरात हजारो विजा. आमचे फोन नऊ मिनिटं उशिरा गेले. माणूस दगावला नाही, पण सोनारीत सारजाबाई नावाच्या बाईच्या दोन शेळ्या बाभळीखाली बांधलेल्या जागीच गेल्या. तिनं तात्यांना फोन केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमचा फोन वाजला तवा म्या शेळ्यांपाशी बसून व्हते, दादा. आता काहून करता फोन?"

मशीन अडखळत होतं तेव्हाच मी कर्नलचं साधन लावून सगळं टिपून घेतलं होतं. तेवढं शहाणपण होतं. आता सोमवारी तात्यांना कारण सांगायचं होतं.

तात्यांची एक पद्धत होती, मोटार दुरुस्तीच्या धंद्यातून आलेली. सोमवारी सकाळी सगळ्यांनी वरच्या मजल्यावर उभं राहायचं. आठवड्यात जे बिघडलं त्याचा एकच कागद, ठळक अक्षरात, भिंतीला चिकटवायचा आणि तात्या तो मोठ्यानं वाचणार. "पाच ओळींच्या वर म्या वाचत न्हाय," ते म्हणायचे. "अन् माणसाला कळंल असं लिव्हा." मेकॅनिक लोकांवर ही पद्धत चालली, मग आमच्यावर का चालू नये?

मी अहवाल उघडला. सगळ्यात वर तीन आकडे, तिन्ही अज्ञात. सत्तावीस टक्के, एकोणीस टक्के, सोळा टक्के. चौथ्या ओळीवर फोनरांग, तेरा टक्के. खाली किरकोळ.

ते तीन आकडे तात्यांपुढं ठेवले असते तर त्यांनी विचारलं असतं, हे अज्ञात म्हंजे कोण? आणि मला म्हणावं लागलं असतं, माझंच कुणीतरी, पण कोण ते सांगता येत नाही, कारण दोन दिवसांचं काम मी दोन वर्षं केलं नाही. मी स्वतःची समजूत घातली की आकडे छापून तात्यांना काय कळणार, माणसाला कळेल असं लिहायचं आहे ना. तिन्ही ओळी निवडल्या. डिलीटवर बोट ठेवून थोडा थांबलो, हे मला चांगलं आठवतं. मग ओळी गेल्या आणि खालच्या पाच वर सरकल्या.

सोमवारी तात्यांनी चष्मा लावला. "एक नंबर, फोनरांग. कुणाचं हाय हे?"

"माझं," महेश्वरी म्हणाली.

तिनं भिंतीवरचा कागद नीट वाचला. मग माझ्याकडं पाहिलं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवत राहिलो.

तात्या वाईट माणूस नाही. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पोरी, शेळ्यांच्या जागी माणूस असता तर? माझ्या बहिणीचं कपाळ म्या बघितलंय." बोलायची माझी पाळी होती आणि मी बोललोही. म्हणालो, "नवीन आहे तात्या, अनुभव कमी पडला." लोकांना वाटलं, सरांनी सांभाळून घेतलं.

तिला कुणी काढलं नाही. महिनाअखेरीस तिनंच राजीनामा दिला. मी फोनरांग पुन्हा लिहिली आणि त्याच आठवड्यात दुप्पट ताकदीचं मशीनही घेतलं. फोन वेळेवर जायला लागले. बघा, मी म्हणालो, रांगेतच घोटाळा होता. दुप्पट मशीननं माझं पाप पाठीवर घेतलंय, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचू दिलं नाही, असं म्हणतो.

मग दोन वर्षं गेली. गावं साठाची दीडशे झाली आणि या फेब्रुवारीत चाचणी घेताना मशीन पुन्हा अडखळायला लागलं. आता फोनरांग माझीच होती. बोट दाखवायला कुणी उरलं नव्हतं. चरफडत बसलो आणि नावांची यादी लिहिली. दीड दिवस लागला. मग जुन्या मशीनएवढ्याच ताकदीवर, जुन्याच कोडवर, त्या एप्रिलच्या दुपारच्या साठवून ठेवलेल्या विजा पुन्हा सोडल्या आणि कर्नलचं साधन लावलं.

नावं आली. वरच्या तिन्ही ओळींवर माझ्या 'शिवारतपास' नियमाचे तीन तुकडे होते. मिळून बासष्ट टक्के. परंड्यात पडलेल्या प्रत्येक विजेचं अंतर ते उमरग्याच्या शेतापर्यंतसुद्धा मोजत बसले होते. लांबचे तालुके आधी गाळायचे, एवढं मी विसरलो होतो. पाच ओळींची दुरुस्ती. चौथ्या ओळीवर फोनरांग होती, तेरा टक्के, आपलं नेमून दिलेलं काम करत. सेवा मिळाली नाही म्हणून रांगेवर राग काढावा आणि खिडकीत पेंगणारा कारकून मीच असावा, तसं झालं.

मला तेव्हा काय वाटलं ते सरळ लिहितो. आधी भीती वाटली, की कुणी बघितलं तर? मग लाज वाटली, आणि ती गेली नाही.

रविवारी मी एसटीनं उमरग्याला आणि तिथून मुरूमला गेलो. बाजारपेठेत महेश्वरीचं छोटं दुकान होतं. उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पीकविमा, सगळे फॉर्म भरून मिळतील. माझ्या इंजिनाची जिला दोन दिवसांत यादी लिहिता आली असती, ती एका म्हाताऱ्याचा आधार नंबर दोन बोटांनी टाइप करत होती. म्हाताऱ्याशी कानडीत बोलून तिनं त्याला वाटेला लावलं आणि मला स्टूल दिलं.

मी पाठ करून आलो होतो ते एका दमात सांगितलं. यादी, नावं, शिवारतपास, बासष्ट टक्के. "चूक माझी होती, महेश्वरी. तुझी नव्हतीच."

तिनं ऐकून घेतलं.

"मला माहीत होतं, सर."

"काय माहीत होतं?"

"हेच. राजीनामा द्यायच्या आधीच कळलं होतं. माझ्या मशीनवर इंजिनाची कॉपी होती. चाळीस ओळी घातल्या, यादी लिहिली अन् चालवून बघितलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"कुणाला बोलू? वरच्या ओळी तुम्ही कापल्या होत्या. अहवालात टक्क्यांची बेरीज अडतीसच भरत होती. ज्यानं कापल्या त्यालाच जाऊन काय सांगायचं?"

अडतीस. भिंतीवर तो कागद आठवडाभर होता. बेरीज तिनं एकटीनंच केली होती तर.

मी म्हणालो, "मी माफी मागायला आलोय."

"माझी नका मागू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "मला सगळं माहीत हाय. ज्याला माहीत न्हाय त्याला सांगा. आमच्या अप्पांना. मी सांगितलं तर त्यांना वाटतं, पोरगी चूक झाकतीय. तुम्ही मोठे, तुम्ही सांगितलं की पटंल. घरी चला."

तिनं शटर ओढलं. वडापच्या जीपनं आम्ही तिच्या गावाला गेलो. वाटेत मी मनातल्या मनात सोपी वाक्यं जुळवत होतो. कर्नल, पत्ता, यादी यातलं काही नको. एवढंच म्हणायचं होतं, चूक माझी होती. तीन शब्द.

सिद्धलिंगअप्पा ओसरीवर सुतळी वळत बसले होते. पासष्टीचे, अंगानं बारीक, कपाळावर भस्माचे पट्टे. महेश्वरीनं कानडीत काहीतरी सांगितलं, त्यात 'सर' आणि 'धाराशिव' एवढं मला कळलं. ते गडबडीनं उठले. "बर्री, बर्री साहेब. कुंद्री." चटई झटकून त्यांनी मला बसवलं आणि मी तोंड उघडायच्या आत समोर उभं राहून हात जोडले.

"साहेब, आमच्या पोरीनं तुमचं लई नुकसान केलं. म्या तवाच यायला पाहिजे व्हतं. तोंड दाखवायला लाज वाटली बघा."

"अहो, हात कशाला जोडता..."

"न्हाय, बोलू द्या. त्या बाईच्या शेळ्या गेल्या, सारजाबाईच्या. माझ्या जिवाला लई लागलं. म्या टेम्पो केला अन् सोनारीला गेलो. माझ्यातल्या दोन शेळ्या दिल्या तिला, दोन्ही गाभण. भैरोबाच्या पाया पडलो. म्हणलं, देवा, पोर लहान हाय. पण तुमची माफी राहिली व्हती."

दोन गाभण शेळ्या. दारापुढं चारच शेळ्या उभ्या होत्या, काळ्याभोर, आणि दावणीला दोन खुंटे मोकळे होते. आमच्या हापिसातून सारजाबाईला दोन वर्षांत कुणी एक फोनही केला नव्हता.

जोडलेले हात माझ्यापुढं तसेच होते. वडिलांच्या वयाचा माणूस. ते हात खाली यावेत एवढंच मला त्या क्षणी हवं होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "असू द्या हो अप्पा. लहान आहे. होतं असं. आम्ही कधीच विसरलो ते."

तात्यांपुढं बोललो होतो, अगदी तशाच सुरात.

अप्पांचे हात खाली आले. डोळ्यांत पाणी आलं आणि ते आत वळून मोठ्यानं बायकोला म्हणाले, "नागम्मा, ऐकलंस का? साहेबांनी माफ केलं पोरीला!" मग तेच पुन्हा कानडीत. नागम्मा पदरानं डोळे पुसत बाहेर आल्या, मला नमस्कार करून परत आत गेल्या आणि तव्याचा आवाज यायला लागला.

मी म्हणालो, "अप्पा, तसं नव्हतं ते. म्हणजे खरं तर..." पण ते ऐकायच्या पलीकडं गेले होते. दोन वर्षांचं ओझं उतरलेला माणूस होता तो. शेजाऱ्याला हाक मारून सांगत होता, धाराशिवचे साहेब आलेत, घरी आलेत, स्वतः. मी पुन्हा एकदा सुरुवात केली. शेजारी येऊन बसला, त्यानं सोयाबीनच्या भावाची चौकशी केली. मी त्याला उत्तर दिलं. तिसऱ्यांदा मी सुरुवातच केली नाही.

महेश्वरी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सगळा वेळ तिनं माझ्याकडंच पाहिलं. मग आत जाऊन तिनं शेंगापोळीचं ताट आणलं, माझ्यापुढं ठेवलं, वर तूप वाढलं.

"घ्या, सर," ती म्हणाली.

मी खाल्ली. दोन खाल्ल्या. अप्पा आग्रह करत होते.

जीपपर्यंत ती आली नाही. अप्पा आले, खिडकीतून हात घालून माझा हात दाबला आणि म्हणाले, "तुमच्यासारखी माणसं न्हाईत आता."

सोमवारी मी तात्यांना सगळं सांगितलं. भिंतीवर आठच्या आठ ओळींचा कागद लावला, वर माझं नाव लिहिलं. ते मला जड गेलं नाही. अप्पांपुढं जे जमलं नाही त्याच्या मानानं ते काहीच नव्हतं. तात्यांनी आठही ओळी मोठ्यानं वाचल्या. मग म्हणाले, "पोरीला बोलाव परत." मी तिला फोन लावतो. ती उचलत नाही. तात्यांनी लावला तेव्हा उचलला, नको म्हणाली, नीट बोलली. सारजाबाईकडं मी जाऊन आलो. अप्पांनी दिलेल्या शेळ्यांना करडं झाली आहेत आणि बाई अप्पांचं नाव काढून रोज दिवा लावते.

मुरूमच्या पुढं मात्र मी पुन्हा गेलेलो नाही. उमरग्याच्या गाडीत दोनदा बसलो आणि दोन्हीदा अर्ध्या वाटेत, नळदुर्गला उतरलो. शेवटी ठरवलं, तोंडानं होत नाही तर लिहून काढू, आणि हे लिहिलं. लिहून झाल्यावर महेश्वरीला पाठवलं, की अप्पांना वाचायला दे.

तासाभरात तिचं उत्तर आलं, एका ओळीचं. "सर, अप्पा कानडी शाळेत शिकलेत, त्यांना मराठी वाचता येत न्हाय."